खोक्यातला लेखन कोपरा

दुपारचा बाराचा सुमार. पहिलीची मुलं जमिनीवर गोल करून बसलेली, फळ्यावर 'ळ' चाललाय. तेवढ्यात दुसरीतला एक जण पाटी घेऊन समोर येतो. "मॅडम, झालं. आता काय करू?" त्याच्या मागे आणखी दोघी उभ्या असतात. त्यांना काहीतरी काम देईपर्यंत पहिलीची मुलं खिडकीबाहेर बघायला लागलेली असतात आणि 'ळ' पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

मेहकरहून खामगावकडे निघालं की वाटेत जानेफळ लागतं. गाव मोठं, पण आजूबाजूच्या लहान गावांतल्या जिल्हा परिषद शाळांत एका खोलीत दोन वर्ग बसणं नवीन नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका वर्गाशी बोलताना दुसऱ्या वर्गाला स्वतःच्या हिमतीवर काम करता आलं पाहिजे. लेखन कोपऱ्याचा खरा उपयोग इथे आहे. तो भिंत सजवण्यासाठी मांडायचा नसतो. वीस मिनिटं पाच-सहा मुलं तिथे कुणालाही न विचारता लिहीत बसली पाहिजेत, एवढंच त्याचं काम.

आधी तयारीचं बोलते, कारण बहुतेक कोपरे तयारीच्या ओझ्यानंच बंद पडतात. एका दिवाळीच्या सुट्टीत मी चित्रांची साठ कार्डं तयार केली होती. रंगीत, कडा कापलेली, वर चिकटपट्टी लावलेली. मुलांनी ती आनंदानं हाताळली, पण तीन आठवड्यांत प्रत्येकाची सगळी कार्डं पाहून झाली. पुन्हा साठ कोण करणार? हजेरी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि मग टाचण, यातून संध्याकाळी उरतो तो वेळ कातरीत घालवणं कुणालाच जमत नाही. तेव्हापासून एक ठरवलं. कोपऱ्यातल्या वस्तू आणि कामं वर्षभर तीच ठेवायची. बदलायचा तो फक्त विषय, तोही फळ्यावर एक शब्द लिहून.

सामान सांगते. किराणा दुकानातून मागून आणलेलं एक मजबूत खोकं, बिस्किटांचं असलं की उत्तम. एका बाजूनं कोरे असलेले कागद. लग्नपत्रिका मात्र आवर्जून जमवाव्यात. त्यांचा कागद जाड असतो, आतली बाजू कोरी असते आणि लहान मुलांच्या पेन्सिलीच्या जोरानं तो फाटत नाही. उन्हाळ्याच्या लग्नसराईनंतर मुलांना सांगितलं की गठ्ठाच येतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर वर्षाचा साठा झालेला असतो. पेन्सिली सहा, प्रत्येक पेन्सिलीला हातभर सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक खोक्याच्या भोकात गाठ मारून. हे कुणाला अविश्वासाचं लक्षण वाटेल, पण पहिलीच्या मुलाच्या हातातली पेन्सिल खिशात कधी जाते ते त्यालाही कळत नाही आणि मग लिहिण्याची वीस मिनिटं शोधाशोधीत जातात. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक दोरी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पाट्या तर वर्गात असतातच.

आणखी एका वस्तूचा उपयोग मी या भागात शिकले, ती म्हणजे बियाण्याच्या आणि खताच्या रिकाम्या पिशव्या. शाळा सुरू होते तेव्हा घरोघरी पेरणीची धांदल असते. पिशवीवरचं 'सोयाबीन' हे मोठ्या अक्षरातलं नाव मुलानं घरात, बैलगाडीत, शेताच्या बांधावर पाहिलेलं असतं. बाराखडी यायच्या आधी ते त्याला ओळखू येतं. पिशवी मात्र आतून-बाहेरून धुऊन, उन्हात वाळवून मगच वर्गात आणायची, कारण बियाण्याला औषध लावलेलं असतं. मी तर फक्त नावाचा भाग कापून धुते आणि पुठ्ठ्यावर चिकटवते. चहाचा, साबणाचा, बिस्किटाचा कागदही असाच उपयोगी. वाचता येणारे हे पहिले शब्द भिंतीवर लागले की मूल लिहिताना त्यातली अक्षरं उचलतं. 'साबण'मधला 'सा' 'साप' लिहायला चालतो, हा शोध त्याचा त्यानं लावलेला असतो.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलांसाठी विकतचं साहित्य परवडणारं नव्हतं. खडे, पानं, बिया, शिंपले, जे परिसरात होतं तेच शिकण्याचं साधन झालं. पालघर जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर शिंपले होते, आपल्याकडे सोयाबीनची पिशवी आहे.

आता कामं. माझ्या कोपऱ्यात पाचच प्रकार असतात आणि ते जूनपासून एप्रिलपर्यंत बदलत नाहीत: यादी, चित्र आणि त्याखाली ओळ, चिठ्ठी, शब्दडोंगर, आणि 'आज मी पाहिलं'. फळ्याच्या कडेला सोमवारी एक शब्द लिहिते, समजा 'बाजार'. मग यादी कसली करायची, चिठ्ठी कुणाला लिहायची, हे मुलं आपापसांत ठरवतात. शब्दडोंगर बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. वर 'पिशवी', त्याखाली 'आजीची पिशवी', त्याखाली 'आजीची जड पिशवी', असं एकेक पायरी उतरत वाक्यापर्यंत जायचं. ज्याला वाक्य सुचत नाही त्याला एक शब्द वाढवणं सुचतं. त्यामुळे हळू लिहिणाऱ्या मुलांचं हे आवडतं काम असतं.

यादीला मात्र मी सगळ्यांत जास्त मानते. यादी हे घरातलं खरं लेखन आहे. मुलानं आईला किराण्याची यादी सांगताना, भावाला ती लिहिताना पाहिलेलं असतं. शिवाय तिला क्रियापद लागत नाही, पूर्णविराम लागत नाही, चूक झाली तरी पुढचा शब्द नव्या ओळीवर नव्यानं सुरू होतो.

कोपरा एका दिवसात चालू होत नाही. पहिले दोन आठवडे मी त्यात कुणालाच एकटं सोडत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गासमोर मीच कोपऱ्यात बसते आणि मोठ्यानं बोलत लिहिते. "मला यादी करायचीय. बाजारातून काय आणू? मेथी. मे... मला 'म' येतो, त्यावर मात्रा. 'थी' कशी लिहू? भिंतीवर बघते. नाही सापडत. मग 'त' लिहिते, पुढे जाते." हे शेवटचं वाक्य फार गरजेचं आहे. अक्षर अडलं तर थांबायचं नाही, येईल तसं लिहून पुढे जायचं, हे शिक्षकानं स्वतः करून दाखवल्याशिवाय मूल ते करत नाही. दुसऱ्या आठवड्यात चार मुलं बसतात, बाकीची बघतात. कागद कुठून घ्यायचा, झाला की कुठे लावायचा, पेन्सिलीचं टोक मोडलं तर काय, शेजाऱ्याला किती आवाजात विचारायचं. टोक करायचं शार्पनर खोक्यालाच बांधलेलं असतं. हे चौदा दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. पण जुलैमध्ये घाई केली तर वर्षभर "मॅडम, कागद कुठंय" ऐकावं लागतं.

पाटी आणि कागद यांची कामंही वेगळी ठेवावीत. पाटीवर करून बघायचं, पुसायचं, पुन्हा करायचं. कागदावर गेलं की ते राहतं, दोरीवर लागतं, कुणीतरी वाचतं. पाटीवरचं लिहिणं सुट्टीच्या घंटेला ओल्या फडक्यानं संपतं. कागदानं मुलाला कळतं की आपण काल जे म्हटलं ते आजही तिथे आहे.

आता ज्या गोष्टीवर माझं शिक्षकांशी सगळ्यांत जास्त बोलणं होतं, तिकडे येते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकर, जानेफळ, खामगाव असा मुक्काम-दरमुक्काम करत जाते. शाळा सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात. त्या आठवड्यात फळ्यावर 'पालखी' लिहिलं की पुढे काही सांगावं लागत नाही. दुसरीतल्या एका मुलानं तेव्हा लिहिलेलं असं होतं:

मी पालखी पायली. घोडा पायला. मले केये भेटले.

लाल पेन हातात असलेल्या माणसाला इथे चुकाच दिसतात. मला तीन पूर्ण वाक्यं दिसली, आणि प्रत्येक शब्द मुलानं जसा ऐकला तसाच कागदावर उतरवलेला दिसला. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात 'ळ'चा 'य' होतो. डोळा डोया, शाळा शाया, केळी केये. 'मला' म्हणायच्या जागी 'मले'. ज्या मुलानं 'केये' लिहिलं त्यानं आवाज आणि अक्षर यांची जोडी अचूक जुळवलीय. वाचन-लेखनाचा निम्मा गड इथेच सर होतो. हे खोडलं तर मूल पुढच्या वेळी फक्त त्याला बिनचूक येणारे शब्द लिहितं. 'घर', 'नळ', 'कमळ' असे पुस्तकातले शब्द येतात आणि घोडा कागदावरून निघून जातो.

मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायची, पण वाचक म्हणून उत्तर देत. त्याच्या तीन ओळींखाली मी लिहिलं, 'केळी तिथेच खाल्लीस की घरी नेलीस? घोडा कोणत्या रंगाचा होता?' त्यानं ते अडखळत वाचलं, 'केळी' या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि खाली लिहिलं, 'केळी घरी नेले. मायले देले.' एक शब्द बदलला, तोही त्यानंच. 'मायले देले' तसंच राहिलं आणि ते मी तसंच राहू दिलं. आईचा उल्लेख मुलानं आईच्या भाषेत केला होता. पुढच्या सोमवारी पहिलीला 'ळ' शिकवताना मी तोच कागद दोरीवरून उतरवला. 'केये' आणि 'केळी' दोन्ही फळ्यावर लिहिले. आपण बोलतो कसं आणि पुस्तकात लिहितात कसं, यावर सहा वर्षांची मुलं केवढ्या उत्साहानं बोलली! प्रत्येकाला एकेक शब्द आठवत होता.

लिपीच्या अडचणी वेगळ्या. सुरुवातीला मुलं काना-मात्रांशिवाय लिहितात, 'मझ घर'. मग काना येतो. ऱ्हस्व वेलांटी बराच काळ छळते, कारण 'दिवस' म्हणताना 'द' आधी ऐकू येतो आणि वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे काढावी लागते. मूल 'द' लिहितं, मग मागे जागा शोधतं, ती नसते, मग वेलांटी कुठेतरी वर लटकते. ही चूक कानाची नाही, हाताची आहे. तिला वेळ द्यावा. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकदम ओढायला सांगावी, म्हणजे आधी वेलांटीला जागा करून घेता येते.

ज्याला अजून अक्षरच येत नाही, तो कोपऱ्यात काय करणार? चित्र काढणार आणि बोलणार. त्याचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत आपण चित्राखाली लिहून द्यायचं. "आमच्या गाईले गोऱ्हा झाला." लिहिताना प्रत्येक शब्द सावकाश म्हणायचा आणि नंतर त्याचं बोट धरून त्यावरून फिरवायचं. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना असंच त्यांच्या मनातले शब्द मागून शिकवलं आणि 1963 साली 'टीचर' या पुस्तकात ते मांडलं. मुलाला ज्या शब्दाचं भय किंवा प्रेम असतं तो शब्द एकदा पाहिला तरी राहतो, असं त्यांना दिसलं होतं. 'गोऱ्हा' या जोडाक्षराचा शब्द पहिलीच्या मुलानं दुसऱ्या दिवशी दोरीवरून ओळखून दाखवला, तेव्हा मलाही ते पटलं.

चिठ्ठीसाठी बुटाचं खोकं, त्याला वर फट. ही आमची टपालपेटी. शुक्रवारी एक मूल पोस्टमन होतं आणि वाटप करतं. एखाद्या मुलाला चिठ्ठी आली नाही असा शुक्रवार जाऊ द्यायचा नाही, म्हणून गुरुवारी मी पेटी उघडून बघते. ज्याच्या नावाची नसेल त्याला मी लिहिते. या सगळ्या कोपऱ्यात माझी खरी तयारी एवढीच आणि शनिवारी खोकं आवरण्याची पंधरा मिनिटं.

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढणीला लागतं आणि हजेरी घटते. तेव्हा कोपरा बंद करू नये. चारच मुलं असली तर चौघांना लिहायला भरपूर वेळ मिळतो. परत आलेलं मूल शेतातलं काही सांगू लागलं तर त्याला थेट खोक्याकडे पाठवावं. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की वीस मिनिटांची पंधरा होतात, चालतं.

एप्रिलमध्ये दोरीवरचे आणि खोक्यात साठलेले कागद मुलांनीच निवडायचे, प्रत्येकाची तीन पानं. दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवते आणि वर लग्नपत्रिकेचं जाड कव्हर लावते. हे पुस्तक वाचन कोपऱ्यात इतर पुस्तकांच्या शेजारी राहतं. जूनच्या अखेरीस पहिलीत आलेली मुलं ते सगळ्यांत आधी उचलतात, कारण त्यात कुणाच्या तरी दादाचं, ताईचं नाव असतं. शेवटची चार पानं मी कोरी सोडते आणि पुस्तकाच्या सुतळीलाच एक पेन्सिल बांधते.