शिरस्त्राण आणि मस्तकाचे शीतन

महाडनजीक सावित्रीच्या काठी वसलेले सव हे गाव उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा झऱ्यावर स्नान करून बाहेर आलेल्या माणसास ओलावा जाणवतो, पण गारवा येतो तो वारा सुटल्यावरच. सायकलस्वाराच्या मस्तकाचा प्रश्न मुळात हाच होय. शिरस्त्राण आघातापासून रक्षण करते, परंतु वाराही अडवते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य किती, हे येथे पाहावयाचे आहे.

पायडलवर १०० वॅट शक्ती खर्च करणाऱ्या स्वाराच्या शरीरात सुमारे ४०० वॅट उष्णता निर्माण होते, कारण स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे जात नाही. ही उष्णता मुख्यत्वे वाऱ्याने व घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. नुसता निथळणारा घाम मात्र शरीरास थंड करीत नाही.

शिरस्त्राणाचा फेसाळ थर हवेच्या सूक्ष्म कप्प्यांनी भरलेला असल्यामुळे उष्णतेचा मंदवाहक असतो. म्हणून शीतनाची सारी भिस्त छिद्रांवर व आतील पन्हळींवर राहते. समोरून शिरलेली हवा टाळूवरून वाहत मागे निघून जावी, अशी ही योजना असते. केवळ छिद्रांची संख्या वाढवून भागत नाही; त्यांना जोडणारा मार्ग मोकळा हवा. कोकणातील शेतकऱ्याचे इरले पाठीस चिकटत नाही, आतून वारा खेळता राहतो, तत्त्व तेच. शिवाय कडक उन्हात शिरस्त्राण सावलीही देते, हे विसरता कामा नये.

खरी अडचण चढावर येते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाताना स्वाराचे श्रम वाढतात आणि वेग घटतो. वेग ताशी ३२ किलोमीटरांवरून ८ वर आला, तर वाऱ्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारणतः निम्म्यावर येते. त्यात दमट हवेची भर पडते. त्वचा ३५ अंशांवर व हवा ३० अंशांवर असता, सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असल्यास बाष्पदाबातील अंतर सुमारे २९ मिलिमीटर पारा असते. ८० टक्के झाल्यास ते १७ वर उतरते. शिरस्त्राणात कोंडलेली हवा याहूनही दमट होते.

या अडचणीची दखल शर्यतींच्या नियमांतही घेतली गेली होती. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत शिरस्त्राणाविना पडून आंद्रेई किविलेव मृत्यू पावला. त्यानंतर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शिरस्त्राण सक्तीचे केले. तथापि शेवटचा चढ किमान पाच किलोमीटरांचा असल्यास तेथे ते उतरविण्याची मुभा प्रारंभी ठेवली होती. पुढे तीही काढून घेण्यात आली.

तात्पर्य, आक्षेप निराधार नाही. पण तो शिरस्त्राणाच्या घडणीविरुद्ध आहे, शिरस्त्राणाविरुद्ध नव्हे. घाटात फार उकडू लागल्यास सावलीत थांबून ते काढावे, डोके भिजवावे, वारा घ्यावा. चाक पुन्हा फिरू लागण्यापूर्वी मात्र ते मस्तकावर असलेच पाहिजे. कारण चढानंतर उतार येतोच, आणि तेथे वाऱ्याबरोबर धोकाही वाढतो.