स्वमग्न मूल आणि आपण

आपल्या कुरखेडा तालुक्यातील कोणत्याही गावात दिसू शकेल असे एक चित्र प्रथम डोळ्यांपुढे आणू. रोवणीचे दिवस आहेत. आई बांधीत उतरली आहे आणि आजी नातवाला घेऊन धुऱ्यावर बसली आहे. मूल अडीच वर्षांचे, अंगाने धडधाकट, दिसायला गोड. पण हाक मारली तर वळून पाहत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. तहान लागली की आजीचा हात धरून तो पाण्याच्या गुंडावर नेऊन ठेवते. तासन्‌तास खडे एका ओळीत मांडते आणि त्यातला एक जरी कोणी हलवला तरी आकांत करते. शेजारची बाई म्हणते, “बोलन ना माय, याचा मामाबी उशिरानंच बोलला होता.” आई मान डोलावते, पण रात्री तिचा डोळा लागत नाही.

पुढे केव्हातरी हे मूल गडचिरोलीला किंवा नागपूरला डॉक्टरांकडे नेले जाते आणि तेथे आईबापांच्या कानांवर एक शब्द पडतो : ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. एरवी दुखण्याचे नाव कळले की औषधही कळते. येथे नाव तेवढे कळते, पुढचे काहीच उमगत नाही. परतीच्या एस.टी.त वडशापासून कुरखेड्यापर्यंत दोघेही एकमेकांशी बोलत नाहीत. त्या प्रवासात त्यांच्या मनात जे चालू असते, त्याविषयी हा लेख आहे.

प्रथम या शब्दाविषयी. ‘स्वमग्न’ हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने रुळलेला आहे. कवी स्वमग्न असतो, साधक स्वमग्न असतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की, मूल आपल्याच नादात रमले आहे. मनात आणले तर बाहेर येईल. मूळ शब्दानेही असाच घोटाळा केला. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो १९११ च्या सुमारास रूढ केला, तो मनोरुग्णांच्या संदर्भात. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तो बालकांच्या या अवस्थेला चिकटला.

वस्तुतः हा हट्ट नव्हे आणि संसर्गाने होणारा रोगही नव्हे. मेंदूची जडणघडणच सुरुवातीपासून वेगळ्या रीतीने होत जाते. दुसऱ्याच्या नजरेतून, हावभावातून, आवाजाच्या चढउतारातून आपण नकळत जे शिकतो, ते या मुलांना सहज साधत नाही. तीच ती हालचाल, तोच तो क्रम त्यांना धीर देतो. पुष्कळांची ज्ञानेंद्रिये फार तीव्र असतात. मंडईच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकाचा भोंगा आपल्याला रंगत आणतो. अशा मुलाला तोच आवाज अंगावर धावून आल्यासारखा वाटू शकतो. मग ते कान झाकून किंचाळते आणि मांडवातले लोक ‘लाडावलेलं पोर’ म्हणून मोकळे होतात. या अवस्थेचे प्रकारही एकसारखे नाहीत. कोणी आयुष्यभर बोलत नाही, कोणी पदवी घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सरासरी १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. म्हणजे हे दुःख दूरच्या देशातले, शहरी श्रीमंतांचे, असे मानण्याचे कारण नाही.

निदान झाल्यावर पहिला प्रश्न उठतो तो ‘असे का?’ आणि लगेच दुसरा, ‘कोणामुळे?’ आपल्याकडे बोट बहुधा आईकडे वळते. ग्रहणात बाहेर गेली, नवस फेडला नाही, पोराला टाकून कामावर गेली. परंतु या बाबतीत शिकलेल्या जगानेही फार शहाणपण दाखवले नव्हते. आईच्या थंड, मायाहीन वागण्याने मूल असे होते, हे मत अमेरिकेत कित्येक वर्षे चालले. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने ते घरोघर पोहोचवले. तत्पूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढले होते. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. पुढे १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. लसीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा १९९८ चा लेखही ज्या नियतकालिकात आला होता, त्यानेच २०१० साली तो मागे घेतला. तात्पर्य, ज्या आईने रात्र रात्र जागून मूल वाढवले, तिच्या कपाळी हा दोष नाही. हे एवढे वाक्य तिला कोणी वेळेवर सांगितले तरी तिच्या उरावरचा मोठा दगड उतरेल.

दोष गेला तरी दुःख उरतेच. ते कशाचे असते, याचा विचार केला पाहिजे. घरात मूल जन्मते तेव्हा आईबापांच्या मनात आणखी एक मूल जन्माला आलेले असते. ते शाळेत जाते, नोकरीला लागते, म्हातारपणी हात देते. निदानाच्या दिवशी हे मनातले मूल नाहीसे होते आणि पालक त्याच्यासाठी रडतात. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत पालकांपुढे नेमके हेच मांडले. तुम्ही वाट पाहत होता ते मूल आलेच नाही, याचा शोक करायचा तर करा. पण जे मूल आले आहे, जिवंत आहे, त्याच्याकडे पाहून शोक करू नका, असा त्या निवेदनाचा आशय होता. विचार करता हे पटते. डॉक्टरांच्या खोलीत जाण्यापूर्वी जे मूल होते, तेच बाहेर आले आहे. बदलली आहे ती आपली माहिती.

मात्र स्वीकार म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिल्याची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डोनाल्ड ट्रिप्लेट हा मिसिसिपी राज्यातील एका लहान गावचा. योगायोग असा की, त्या गावाचे नावच ‘फॉरेस्ट’, म्हणजे जंगल. तो लहान असतानाच त्याला संस्थेत ठेवून विसरून जा, असा सल्ला आईबापांना मिळाला. त्यांनी ठेवलेही, पण वर्षभरात परत आणले. वडिलांनी ३३ पानांचे पत्र लिहून त्याची बारीकसारीक माहिती डॉक्टरांना कळवली. काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजमापाचे वेड होते. त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी मोजत सुटायचा. त्यांनी नांगर हाती देऊन, नांगरता नांगरता मोज, म्हणून सांगितले. पुढे १९५८ साली तो फ्रेंच घेऊन पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. त्याच्या घरी पैसा होता, हे विसरता येणार नाही. आणि प्रत्येक मूल डोनाल्ड होणार नाही. परंतु त्या शेतकऱ्याला पैसा लागला नाही. मुलाच्या वेडाशी भांडण्याऐवजी त्याने त्याला कामाशी जोडले. जे पोर खडे मांडते, ते धानाच्या पेंढ्याही मांडू शकेल.

आता आपल्याकडची परिस्थिती. वाचा व वर्तन उपचार करणारे तज्ज्ञ आपल्यापासून दूर आहेत, आणि मजुरी बुडवून दर आठवड्याला नागपूर गाठणे कोणाला परवडणार? तरी वाट अगदीच बंद नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. विकासातील विलंब हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. प्रमाणपत्र काढणे म्हणजे पोरावर शिक्का मारणे नव्हे. ज्याचे प्रमाणपत्र नाही, त्याचा हक्कही कागदावर नाही.

शिवाय घराने करायचे काम घरच करू शकते. हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बालकांची काळजी घरच्या घरी घेतली आणि त्या गावांतील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. कुरखेड्यात १९८४ पासून असलेल्या संस्थेचे नावच ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ आहे. स्वमग्न मुलालाही रोजचे शिक्षण मिळते ते घरात : त्याच्या नजरेच्या पातळीवर बसून थोडक्या शब्दांत बोलणे, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवणे, जे आवडते त्यातूनच पुढचे शिकवणे. तज्ज्ञाने वाट दाखवावी; चालायचे आईबापांनी, आजीने, भावंडांनी. ‘आमच्यामागे याचे कसे?’ हा प्रश्न मात्र कोणत्याही उपचाराने सुटत नाही. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकातील आईबापांची ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो ठाऊक आहे. त्याचे उत्तर एकट्या घराजवळ नाही. ते गावाजवळ आहे.

म्हणून हा विषय महाविद्यालयाच्या अंकात. आपल्यातील कित्येक जण उद्या शिक्षक होतील, कोणी अंगणवाडीत जाईल, आणि आत्या, काका, मामा तर सगळेच होऊ. वर्षाचे मूल हाकेला वळत नाही, दीड वर्षाचे बोट दाखवत नाही, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले बोलणे गमावते, असे दिसले तर वाट पाहू नये. कान आणि वाढ दोन्ही तपासून घ्यावीत. वयाची पहिली वर्षे ही शिकण्याची खरी वर्षे असतात, आणि आपल्या प्रेमळ धीर देण्यातच ती निघून जातात. धुऱ्यावरच्या त्या आजीला शेजारीण वाईट बुद्धीने काही बोलली नव्हती. पण आपल्यापैकी कोणी तेथे असलो, तर वेगळे बोलावे : “माय, एकदा दाखवून तर आणू. मी येतो संगं.”