ब्लॅक गर्ल्स कोड म्हणजे काय? एका आईने सुरू केलेल्या कोडिंग वर्गांची गोष्ट

आज एका इंजिनिअर बाईंची ओळख करून देतो.

किंबर्ली ब्रायंट कोण?

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात वाढलेल्या या कृष्णवर्णीय मुलीने १९८९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. वर्गात आपल्यासारखं दिसणारं जवळपास कुणीच नाही, हा अनुभव तिने तिथे घेतला. पुढे तिची मुलगी गेम बनवायला शिकायचं म्हणून उन्हाळी कॅम्पला गेली. तिथेही मुली मोजक्याच, आणि कृष्णवर्णीय मुलगी ती एकटीच. वीस वर्षांनंतरही तेच! मग २०११ मध्ये ब्रायंट यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ ही संस्था सुरू केली.

तिथे काय शिकवतात?

मुलींना वेबसाइट, अ‍ॅप, गेम आणि रोबोट बनवायला शिकवतात. २०४० पर्यंत १० लाख मुलींपर्यंत पोहोचायचं, असं ध्येय ठरलं. २०२२ मध्ये संचालक मंडळाने ब्रायंट यांना पदावरून दूर केलं, पण संस्थेचं काम थांबलं नाही.

पण मुलीच का? सगळ्यांनाच शिकवा की!

मलाही आधी असंच वाटायचं. मग एमआयटीच्या जॉय बुओलाम्विनी यांचं संशोधन वाचलं. फोटोवरून ‘स्त्री की पुरुष’ हे सांगणाऱ्या तीन सिस्टिम त्यांनी २०१८ मध्ये टिमनिट गेब्रू यांच्यासोबत तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत? ३४.७ टक्क्यांपर्यंत! अशा सिस्टिम तपासायला तेव्हा जे फोटोंचे संच वापरले जायचे, त्यांत गोरे चेहरेच जास्त होते. ही उणीव शोधून काढणाऱ्या दोघीही कृष्णवर्णीय. बुओलाम्विनी यांचा तर स्वतःचाच चेहरा एका सॉफ्टवेअरला दिसत नव्हता, पांढरा मुखवटा घातल्यावर दिसला. ज्याला ठेच लागते, त्यालाच दगड कुठे आहे ते कळतं. म्हणून टेक्नॉलॉजी बनवणाऱ्यांत सगळ्या प्रकारची माणसं हवीत.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

एमआयटीचं ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ फुकट आहे. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा, रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडा आणि अ‍ॅप लगेच आपल्या फोनवर चालवून बघा. माझं पहिलं अ‍ॅप काय होतं माहितीये? मांजरीच्या फोटोवर बोट ठेवलं की ‘म्याँव’! बस्स, एवढंच. पण ते मी बनवलेलं होतं, आणि त्या दिवसापासून फोनकडे बघायची माझी नजरच बदलली.

घरात धाकटी बहीण असेल तर पुढचं अ‍ॅप तिच्यासोबत बनवा. आणि हो, माऊस तिच्या हातात द्या!