राउटरमधला देशाचा रकाना

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलं, की वाय-फायचं नाव आणि पासवर्ड यांच्या आसपास ‘देश’ असा एक रकाना असतो. बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. ज्यांचं जातं, त्यातले काही जण भारत काढून तिथे दुसराच देश टाकतात; रेंज वाढते, जादा चॅनेल मिळतात, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. घड्याळाची वेळ किंवा पडद्यावरची भाषा बदलावी तसाच हाही एक सोयीचा बदल, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात आपल्या राउटरने कोणत्या लहरींवर बोलायचं, किती जोरात बोलायचं आणि कुणासाठी गप्प बसायचं, हे त्या रकान्यावरून ठरतं. देशाचा कायदा घरातल्या यंत्रात इतका थेट उतरलेला सहसा दिसत नाही. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

सगळ्यांच्या ओळखीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापासून सुरुवात करू. तो २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला आहे. त्यात चॅनेल १ चा मध्य २४१२ वर, २ चा २४१७ वर, असं पाच-पाच मेगाहर्ट्झने पुढे जात १३ चा मध्य २४७२ वर येतो. तेरा आकडे बघून तेरा स्वतंत्र वाटा असाव्यात असं वाटतं, पण एका चॅनेलला जागा लागते साधारण वीस मेगाहर्ट्झची. म्हणजे चॅनेल ३ वरचा राउटर १ पासून ५ पर्यंत सगळ्यांच्या जागेत पसरलेला असतो. एकमेकांना न शिवणारे चॅनेल उरतात तीनच: १, ६ आणि ११.

इथे बरेच लोक चुकतात. इमारतीत १, ६ आणि ११ वर गर्दी दिसली, की ते ‘रिकामा’ ३ किंवा ८ शोधून काढतात. वाय-फायचं यंत्र बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनेलवर दुसरं कुणी बोलत असेल, तर थांबतं आणि आपली पाळी येऊ देतं. एकाच चॅनेलवरचे दोन शेजारी म्हणजे एका खोलीत बसलेली, एकमेकांचं बोलणं संपू देणारी माणसं. अर्धवट शेजारच्या चॅनेलवरच्या राउटरचे शब्द मात्र दुसऱ्याला उमगत नाहीत. त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. तो कधी विनाकारण थांबून राहतो, कधी त्या गोंगाटातच बोलतो आणि त्याचं बोलणं वाया जातं. त्यामुळे ३ वर जाणारा माणूस १ आणि ६ या दोन्ही चॅनेलवरच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही सुखी होत नाही. दाट वस्तीतल्या सोसायटीत १, ६, ११ यांपैकी ज्यावर गर्दी कमी तो घ्यावा, आणि या पट्ट्यात चॅनेलची रुंदी वीस मेगाहर्ट्झच ठेवावी. चाळीसची रुंदी निवडली, तर एकच घर जवळजवळ अर्धा पट्टा अडवून बसतं.

आता देशादेशांतला फरक. भारतात आणि युरोपात १ ते १३ वापरता येतात. अमेरिकेतले राउटर ११ वर थांबतात. त्याचं कारण २४८३.५ च्या कुंपणापलीकडे आहे. तिथून २५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या भागात उपग्रह-फोनची सेवा चालते, आणि त्या हद्दीत किती ऊर्जा सांडलेली चालेल याचे अमेरिकी नियम फार कडक आहेत. १२ आणि १३ वर पूर्ण जोराने बोलताना ते पाळणं अवघड, म्हणून उत्पादकांनी ते चॅनेल सोडूनच दिले. जपानने आणखी वर, २४८४ वर, चौदावा चॅनेल दिला, तोही फक्त जुन्या पद्धतीच्या वाय-फायसाठी. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या काळात १० ते १३ एवढेच चॅनेल खुले होते, कारण खालचा भाग लष्कर वापरत होतं. अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने पाठवलेला लॅपटॉप पुण्यातल्या घरात शेजाऱ्यांची सगळी नेटवर्क दाखवतो आणि नेमकं घरचंच दाखवत नाही, असं झालं तर राउटर १२ किंवा १३ वर आहे का ते आधी पाहावं.

हा पट्टा सगळ्यांना मोकळा मिळाला, तो मुळात कुणाला नको होता म्हणून. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही वारंवारता उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखून ठेवल्या गेल्या. तापवणारी, वितळवणारी ही यंत्रं. संदेशवहनाशी त्यांचा संबंध नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो तो त्यामुळेच, आणि तो सुरू केल्यावर कधीकधी वाय-फाय अडखळतं तेही त्यामुळेच. संदेशवहनाच्या दृष्टीने ही कचऱ्याची जागा होती. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ठरवलं, की सिग्नल विस्तृत पट्ट्यावर पसरवणाऱ्या यंत्रांना अशा जागेत परवान्याशिवाय बोलू द्यावं. कमिशनमधले अभियंते मायकल मार्कस यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. वाय-फायचं पहिलं प्रमाणक १९९७ मध्ये आलं, ते या मोकळ्या जागेच्या भरवशावर.

आपल्याकडची वाट वेगळी होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. ज्येष्ठ वाचकांना पोस्टात जाऊन भरलेलं रेडिओ लायसन्सचं शुल्क आठवत असेल. केवळ ऐकणाऱ्या यंत्रालाही १९८० च्या दशकापर्यंत परवाना लागत होता. बोलणाऱ्या यंत्राची तर गोष्टच सोडा. कोणत्या वारंवारता कुणाला द्यायच्या हे दूरसंचार खात्याचा ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ विभाग १९५२ पासून ठरवत आला आहे, आणि हवेत प्रत्यक्षात काय चाललंय ते ऐकण्यासाठी देशभर केंद्रं आहेत. उपग्रहांच्या लहरींवर कान ठेवणारं केंद्र आपल्या जालन्यात आहे.

या व्यवस्थेत २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त एक वॉट, अँटेना धरून परिणामी शक्ती चार वॉट, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून पाच मीटरपेक्षा उंच नको. ही सूट दिली गेली १८८५ चा भारतीय तारायंत्र कायदा आणि वरचा १९३३ चा कायदा यांतल्याच अधिकारांखाली. आज कोकणातल्या एखाद्या होम-स्टेला किंवा लातूरच्या शिकवणी वर्गाला कुणाच्याही दारात न जाता वाय-फाय लावता येतं, त्यामागे हा साधा दिसणारा कागद आहे. मला तो आपल्या दूरसंचाराच्या इतिहासातला फार मोलाचा कागद वाटतो. पुढे या जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला.

त्या सवलतीला अटी होत्या, आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. वापर सामायिक, दुसऱ्याला अडथळा आणायचा नाही, आणि आपल्याला अडथळा आला तर संरक्षण मागायचं नाही. परवानाधारकाने तक्रार केली, तर जागा बदला, शक्ती कमी करा, आणि तरीही भागत नसेल तर यंत्र बंद करा. मोकळीक मिळाली, मालकी मिळाली नाही.

या अटींचं वजन कळतं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. २००५ मध्ये तिथे फक्त इमारतीच्या आत, दोनशे मिलीवॉटच्या मर्यादेत मुभा मिळाली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती वाढून एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले, आणि ५४७० ते ५७२५ हा मधला मोठा तुकडा त्यात आला. चॅनेल १०० ते १४४ इथले. पण तिथे आधीपासून रडार आहेत. काही हवामानाचे, काही संरक्षणाचे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हा तुकडा वाय-फायला दिला तो एका अटीवर: राउटरने आधी रडारचा कानोसा घ्यायचा. म्हणून यातला चॅनेल निवडला, की निदान एक मिनिट राउटर नुसता ऐकत बसतो. तेवढा वेळ नेटवर्क दिसत नाही आणि लोकांना वाटतं राउटर बिघडला. रडारची स्पंदनं ऐकू आली, तर तो चॅनेल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. ५६०० ते ५६५० हा भाग तर आणखी नाजूक. युरोपात तिथे दहा मिनिटं ऐकावं लागतं, आणि कॅनडाने तो वाय-फायला दिलेलाच नाही.

त्या पन्नास मेगाहर्ट्झमध्ये असं काय आहे? ऑगस्ट १९८५ मध्ये अमेरिकेत डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरताना डेल्टा कंपनीचं १९१ क्रमांकाचं विमान वादळी ढगातून वेगाने खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात सापडलं आणि आदळलं. शंभराहून अधिक माणसं गेली. असे वारे आधीच टिपता यावेत म्हणून अमेरिकेने मोठ्या विमानतळांजवळ खास रडार उभारले, ते याच ५६०० ते ५६५० मध्ये चालतात. पुढे पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या रडारवर परिसरातल्या बिनतारी इंटरनेट उपकरणांचा अडथळा दिसू लागला. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची माणसं तिथे जाऊन एकेक उपकरण शोधत फिरली आणि काही सेवादात्यांना दंड झाले. पावसाच्या थेंबावरून रडारकडे परतणारा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो, की दूरच्या छतावरचा एक चुकीचा अँटेनाही रडारच्या चित्रात पाचरीसारखा पट्टा उमटवतो, आणि त्या पट्ट्याआडचं वादळ दिसेनासं होतं.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईला डॉप्लर रडार नव्हता. नंतर कुलाब्याला आला. तो ३ गिगाहर्ट्झच्या खालच्या एस-बँडमध्ये चालतो, त्याला वाय-फायची भीती नाही. जानेवारी २०२२ पासून वेरावलीच्या टेकडीवर दुसरा आहे, तो सी-बँडचा. म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा थेट शेजारी, आणि तोही अंधेरी-जोगेश्वरीच्या गच्च वस्तीत. मुंबईत पावसाळ्यात पुढच्या तीन तासांचा इशारा फोनवर येतो, त्यात या रडारांचा वाटा असतो.

म्हणून देशाचा रकाना बदलण्याचा सल्ला मला बेजबाबदार वाटतो. देश बदलला की चॅनेल, शक्तीची मर्यादा, रडारसाठी ऐकण्याची सक्ती, सगळंच बदलू शकतं. आणि जोर वाढवून मिळतं काय? राउटर ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. त्याचं उत्तर भिंतीपलीकडून राउटरपर्यंत पोचत नसेल, तर पडद्यावर दांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. राउटर टीव्हीमागच्या कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवला तर त्याहून जास्त फायदा होतो. अमेरिकेत २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले, कारण तिच्या काही राउटरमध्ये वापरणाऱ्याला देश बदलून काही चॅनेलवर मर्यादेबाहेरची शक्ती वापरता येत होती. तिथे विकल्या जाणाऱ्या राउटरमध्ये आता हा रकाना बहुधा कुलूपबंद असतो.

आता प्रश्न ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असे बाराशे मेगाहर्ट्झ एका झटक्यात मोकळे केले. भारताने सावकाश पावलं टाकली. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने काढलेल्या मसुद्यात फक्त खालचा भाग, ५९२५ ते ६४२५, घरात कमी शक्तीने आणि बाहेर अगदीच कमी शक्तीने वापरायची मुभा होती. तेलाच्या सागरी फलाटांवर आणि ड्रोनवर बंदी होती. या सावधपणावर उद्योगजगत नाराज होतं, पण त्यामागे कारण आहे. जमिनीवरून उपग्रहांकडे जाणारे सिग्नल याच लहरींवर चढतात. नारायणगावजवळच्या आर्वीतल्या विक्रम उपग्रह केंद्राची भली मोठी तबकडी १९७० च्या दशकात देशाचे परदेशी टेलिफोन आकाशात पाठवू लागली, ती याच पट्ट्यातून. वरचा भाग मोबाइल सेवांसाठी ठेवण्याकडे आपला कल आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनी सामानातून आणलेला अमेरिकी राउटर मात्र ७१२५ पर्यंत सगळीकडे बोलायला तयार असतो, आणि त्याचा देश बहुधा बदलता येत नाही. तो इथे लावलाच, तर त्याचा ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ सेटिंगमधून बंद ठेवावा.