पाण्याचे इंजिन तापते का? आधी धार पाहा



आपल्या गोंदिया जिल्ह्यात विजेचे आणि सौर पंप आता पुष्कळ झाले. तरीही तलावाच्या काठी, बोडीवर किंवा नदीच्या थडीला, जिथे तार पोहोचत नाही किंवा लाइन पाळीने मिळते, तिथे डिझेल इंजिनच कामी येते. धान निसव्यात असताना पावसाने दडी मारली, तर चार दिवसांच्या पाण्यावर सारे वर्ष ठरते. नेमक्या त्याच वेळी इंजिन तापून जाम झाले, की बांधी सुकते आणि मिस्त्रीचा खर्च वेगळा. म्हणून इंजिन का तापते ते नीट समजून घ्या.

इंजिन गार कसे राहते?

जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच पंप फिरवण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच धुरावाटे जाते. उरलेल्यातली बरीचशी पाण्याने बाहेर काढावी लागते. त्यासाठी पंपाच्या डिलिव्हरीवरून एक बारीक नळी इंजिनाला जोडलेली असते. ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, म्हणजे जॅकेटमधून, फिरते आणि गरम होऊन धारेने बाहेर पडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी समजा. वैद्य आधी नाडी पाहतो, तशी तुम्ही आधी धार पाहा.

धार काय सांगते?

१. धार बारीक आहे, थांबून थांबून येते किंवा बंद आहे : पाण्याच्या वाटेत अडथळा आहे.

२. धार भरपूर आहे, पण पाणी फार कढत आहे : इंजिनावर ताकदीपेक्षा जास्त ओझे आहे, किंवा डिझेल नीट जळत नाही.

३. धार भरपूर आहे, पाणी नुसते कोमट आहे, इंजिन मात्र तापते : जॅकेटमध्ये गाळ किंवा क्षार बसला आहे, त्यामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. किंवा वंगण तेलात दोष आहे.

चांगल्या चालत्या इंजिनाचे पाणी बोट लावून चटकन काढून घ्यावे इतपत गरम असते. अगदी थंडगार पाणी निघणेही बरे नाही. इंजिन फार थंड चालले तर डिझेल अर्धवट जळते आणि सिलिंडर लवकर झिजतो.

पाण्याची वाट मोकळी करा

आपल्या मालगुजारी तलावांत शेवाळ, पाणवनस्पती आणि बेशरमीचा पालापाचोळा भरपूर. तो फुटव्हॉल्व्हच्या जाळीला चिकटतो. फुटव्हॉल्व्ह गाळात टेकू देऊ नका, तळापासून फूटभर वर टांगा आणि त्याला बांबूची टोपली बांधा. त्याच्यावर दीड-दोन फूट पाणी असले पाहिजे. तलाव उतरला की पंप हवा ओढू लागतो आणि इंजिनाची धारही तुटक येते. त्यानंतर बारीक नळी सोडून फुंकून पाहा. चिखलाचा एक खडाही ती बंद करतो. हे सारे इंजिन बंद करून, निवल्यावरच करावे.

मळणीला इंजिन लावता तेव्हा पंप नसतो. मग पाण्याचा ड्रम जोडतात. त्यात गरम पाणी आपोआप वर चढते आणि थंड खाली येते. पण ड्रममधले पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले, की हे फिरणेच थांबते. म्हणून नळीचे तोंड नेहमी बुडालेले ठेवा.

ओझे जास्त होते का?

तलाव तुडुंब भरला की पाणी कमी उंचीवर चढवावे लागते, मग इंजिनाला आराम, असे आपल्याला वाटते. गंमत अशी, की पंखा फिरून पाणी फेकणारा आपला नेहमीचा पंप कमी उंचीवर जास्त पाणी ओढतो आणि इंजिनावरचे ओझे उलट वाढते. काळा धूर दिसला तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून घ्या, किंवा फेरे कमी करा. नेमप्लेटवर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा इंजिन पळवू नका.

पट्टा फार ताणला तर बेअरिंग तापते. फार सैल असला तर घसरतो. व्ही-पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबावा.

एअर फिल्टर धुळीने भरला तरीही काळा धूर येतो. मळणीच्या दिवसांत तो रोज साफ करा. फिल्टर साफ, ओझे बेताचे, तरी धूर काळाच, तर नॉझल मिस्त्रीकडून तपासून घ्या.

वंगण तेल

रोज इंजिन सुरू करण्याआधी काडी काढून तेलाची पातळी पाहा. तेल पातळ झाले, डिझेलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढली, तर त्यात डिझेल मिसळते आहे. तेल दुधी दिसले तर पाणी शिरले आहे. असे इंजिन चालवू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचेच तेल, सांगितलेल्या तासांनी बदला.

इंजिन तापलेच तर?

- ओझे काढा, फेरे कमी करा, दोन-चार मिनिटे हळू चालवून बंद करा. पाण्याची धार साफ बंद पडली असेल तर मात्र लगेच बंद करा.
- तापलेल्या इंजिनावर किंवा जॅकेटमध्ये थंड पाणी ओतू नका. सिलिंडर हेडला तडा जातो. ते आपोआप निवू द्या.
- जाम झाले असेल तर हँडलने जोर लावू नका. मिस्त्रीला बोलवा.
- क्षार काढायला घरी ॲसिड वापरू नका. ते मिस्त्रीचे काम आहे.
- इंजिन विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुराने माणूस दगावतो.

नाववाल्या बंधूंसाठी

नवेगावबांध, इटियाडोह यांसारख्या मोठ्या जलाशयांवर नावेला मागे मोटर लावत असाल, तर तिचीही रीत हीच. पाण्यात बुडालेल्या जाळीतून ती पाणी आत घेते, रबरी पंख्याने वर चढवते आणि मागून एक बारीक धार सोडते. ती धार बंद झाली की मोटर थांबवा, उचला आणि जाळीतले शेवाळ काढा. धार तरीही येत नसेल तर पंखा झिजला असे समजा. अशी मोटर कोरड्यात क्षणभरही चालवू नये, रबर जळते.

हंगाम संपला की जॅकेटमधले पाणी काढून टाका, नळ्या साफ करा आणि इंजिन झाकून ठेवा. रोवणी तोंडावर आली की मिस्त्रीकडे रांग लागते, म्हणून दुरुस्ती त्याआधीच उरका. आणि रोज इंजिन लावल्यावर बांधीकडे निघण्याआधी घटकाभर थांबून धार पाहण्याची सवय घरातल्या पोरांनाही लावा.