‘साखर नाही’ लिहिलेला पुडा

पुड्यावर ‘साखर’ शब्द नाही, म्हणून मधुमेह असलेल्या आजीला चालेल, असं आम्ही संग्रामपूरच्या वस्तीत ऐकलं. खाली बारीक अक्षरांत ‘फ्रुक्टोज सिरप’ होतं. ते बहुधा मक्याचं. मका तर आपल्याच जिल्ह्यात पिकतो. कारखान्यात मक्याच्या स्टार्चचं ग्लुकोज करतात. मग तो पाक सुमारे ६० अंशांवर बारीक दाण्यांच्या थरातून सोडतात. दाण्यांना विकर, म्हणजे एन्झाइम, बांधलेलं असतं. ते पाकासोबत वाहून जात नाही, म्हणून महिनोन्‌महिने कामी येतं. त्यामुळे ४२ टक्क्यांच्या आसपास जास्त गोड फ्रुक्टोज तयार होतं. उरलेलं बहुतेक ग्लुकोजच! मग आजीची साखर वाढणारच. फ्रुक्टोज फळातही असतं, पण तिथं सोबत चोथा असतो. आजीला फुटाणे द्या. दात नसतील तर बिनसाखरेचं ताक.