जमिनीखालचे तेल आणि जमिनीवरचे रान

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल की, बीड जिल्ह्यातल्या पालीसारख्या गावी राहणाऱ्या शाळामास्तराला खनिज तेलाची ही उठाठेव कशाला? आमच्याकडे तेल म्हणजे करडईचे! शंका रास्त आहे. परंतु बालाघाटच्या ज्या काळ्या कातळावर आम्ही राहतो, त्या कातळाखाली काय दडले आहे याचा विचार भूशास्त्रज्ञ फार दिवसांपासून करीत आहेत.

हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालारसाचे थर एकावर एक पसरून झाला. त्याच्या खाली काही ठिकाणी त्याहून जुने, गाळाचे खडक दबलेले आहेत. आणि तेल किंवा वायू सापडला तर तो बहुधा अशाच खडकांत सापडतो. म्हणून भारत सरकारने तेलशोधासाठी गाळाच्या प्रदेशांची जी यादी केली आहे, तीत दख्खनच्या या पठाराचेही नाव आहे. अद्याप येथे व्यापारी उपयोगाचे तेल निघालेले नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटर कातळ संपल्यावर गाळाचा थर लागला तो अवघा ८ मीटरांचा, आणि त्याखाली एकदम अतिप्राचीन खडक. तेव्हा आमच्या शेजारी तरी फारशी आशा धरण्यासारखे काही नाही. मात्र उत्तरेस तापी-नर्मदेच्या बाजूला हा गाळ पुष्कळ जाड असावा असे सर्वेक्षणांवरून दिसते. आणि तो मुलूख सातपुड्याच्या रानांचा आहे. उद्या तेथे कोणी तेलविहीर खणावयास निघाले, तर सरकारी रानाखालचे हे तेल पट्ट्याने देण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते देताना रानाच्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्न उभा राहील.

मराठी माणसास खनिज तेल म्हटले की समुद्र आठवतो, कारण १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस तेल शोधून काढले. समुद्राखालच्या तेलाचा धनी केंद्र सरकार. तेथे झाडे नाहीत, गावे नाहीत. जमिनीवरचा प्रकार निराळा आहे. मूळ कायदा १९४८ चा आणि त्याखालचे नियम १९५९ चे. त्या नियमांनी अशी व्यवस्था घातली की, राज्याच्या मालकीच्या जमिनीखालील तेलाचा शोध-परवाना व पट्टा राज्य सरकारने द्यावा, पण केंद्राची पूर्वसंमती घेऊन द्यावा. निघालेल्या तेलावरचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. (२०२५ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन ‘पेट्रोलियम पट्टा’ असे नवे नाव आले आहे.) आता पाहा, महाराष्ट्रात सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा, दप्तरी वन म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याचा बहुतांश सांभाळणारे खातेही राज्य सरकारचेच. म्हणजे ज्या घरात स्वामित्वधन यावयाचे, त्याच घरातल्या एका माणसाने ‘नको’ म्हणावयाचे! हे किती अवघड असते, हे ज्याने एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत त्याला फोड करून सांगावयास नको.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत राष्ट्रीय वने कृषिखात्याच्या ताब्यात आणि त्यांखालील तेलाचे पट्टे देणारे खाते दुसरेच. १९८७ पर्यंत बहुतेक राष्ट्रीय वनांच्या बाबतीत वनखात्याचे मत विचारले जाई, पण कायद्याने ते बंधनकारक नव्हते. त्या वर्षी कायदा होऊन असे ठरले की, कृषिखात्याची हरकत असेल तर त्या वनातील पट्टा देता येणार नाही. शिवाय पट्ट्यातच अशी अट घालण्याची रीत तेथे आहे की, कंपनीने अमुक क्षेत्राच्या पृष्ठभागावर पाऊलसुद्धा ठेवू नये. विहीर बाहेरून घ्यावी आणि तिरपी वळवून खालच्या तेलापर्यंत न्यावी. हल्ली अशी विहीर कित्येक किलोमीटर आडवी नेता येते. या व्यवस्थेतील मला पटलेली गोष्ट एकच: हरकतीची वेळ पट्ट्याच्या आधीची आहे.

याचे महत्त्व कळावे म्हणून काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. प्रथम रानातून सरळ रेषा आखून लहान सुरुंगांचे किंवा यंत्रांचे हादरे देतात आणि खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपतात. नंतर शोधविहीर. तेल लागले तर पट्टा, मग आणखी विहिरी, नळ, साठवणीच्या टाक्या. एका विहिरीचा ओटा काही एकरांचाच असतो, आणि कागदावर तेवढेच क्षेत्र दिसते. परंतु अवजड यंत्रे नेण्यासाठी जो रस्ता करावा लागतो तो रानाचे पोट उघडतो. त्या रस्त्याने पुढे लाकूडतोड्या जातो, शिकारी जातो, अतिक्रमण जाते. आणि प्रत्येक पायरीवर कंपनीचे इतके पैसे ओतलेले असतात की, पुढच्या पायरीवर ‘खणावे की नाही’ हा प्रश्न मागे पडून ‘झाडे किती पडतील’ एवढाच हिशेब उरतो.

आपल्याकडे १९८० चा वनसंवर्धन कायदा या बाबतीत चांगला कडक होता. केंद्राच्या पूर्वपरवानगीवाचून वनजमीन दुसऱ्या कामास देता येणार नाही, असे त्याने ठरविले. परवानगी दोन टप्प्यांत मिळते: आधी तत्त्वतः, आणि अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम. अटींत पर्यायी वनीकरण असते, आणि रानाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र केंद्रास अशी मुभा दिली की, भूकंपलहरींच्या सर्वेक्षणासह शोधाची कामे काही अटींवर ‘वनेतर’ समजू नयेत. शोध म्हणजे खाणकाम नव्हे, हा त्यामागचा युक्तिवाद ऐकावयास ठीक आहे. पण वर सांगितलेली पायऱ्यांची साखळी ध्यानात घेतली म्हणजे, पहिलीच पायरी सैल केली तर शेवटच्या पायरीवरचा नकार किती दुबळा होतो, ते उमगते.

हा केवळ झाडांचा प्रश्न नाही, हे आसामने दाखविले. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी जवळ, ऑइल इंडियाची एक वायुविहीर २७ मे २०२० रोजी उसळली. ९ जूनला तिने पेट घेतला. आग विझविणारे दोन कर्मचारी प्राणास मुकले. हजारो माणसांना घरदार सोडून छावण्यांत राहावे लागले, मागुरी-मोटापुंग या पाणथळीचे नुकसान झाले, आणि विहीर कायमची शांत व्हावयास नोव्हेंबर उजाडला. विहीर उद्यानात नव्हती, बाहेर होती. म्हणजे तिरपी विहीर हाही सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे.

महाराष्ट्रात रानातील तेलाचे उदाहरण नाही, पण खनिजाचे आहे, आणि कागदांची गोष्ट तीच आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टर वनजमीन लोहखनिजासाठी २००७ साली पट्ट्याने दिली गेली. त्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि आसपासच्या माडिया गावांची तेथे जत्रा भरते. ज्या कायद्याने या गावांना आपल्या रानावर सामूहिक हक्क मागता येतो, तो वनहक्क कायदा संमत झाला डिसेंबर २००६ मध्ये, पण अंमलात आला ३१ डिसेंबर २००७ रोजी. पट्टा आधी आणि हक्काची विचारणा मागून, असा क्रम पडला. पुढे ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. २०१६ साली खाण सुरू झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथील सत्तरांहून अधिक वाहने जाळली, आणि पुढे काम चालले ते पोलिसांच्या बंदोबस्तात. जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. पण गावांना प्रथम विचारले असते तर कदाचित निराळे घडते, असे मला वाटते. त्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ते आपल्या रानातील बांबूचा व्यवहार स्वतः पाहू लागले. म्हणजे गावकऱ्यांना हिशेब कळत नाही, असे म्हणावयास जागा नाही. आणि तरीही २०२२ च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याने पाहावी अशी तजवीज केली; हा क्रम मला उलटा वाटतो.

आता एक लहानशी, परंतु खर्चाची बाब. तेल संपल्यावर विहीर सिमेंटाने बुजवावी लागते, नाहीतर खारे पाणी व वायू वर येऊन आसपासच्या विहिरी बिघडू शकतात. अमेरिकेत सरकारी जमिनीवरील एका पट्ट्यामागे घ्यावयाची किमान अनामत १९६० साली १० हजार डॉलर ठरली, आणि ती २०२४ पर्यंत तेवढीच राहिली! त्या वर्षी ती दीड लाख डॉलर केली. मधल्या चौसष्ट वर्षांत किती कंपन्या बुडाल्या आणि बुजविण्याचा खर्च सरकारच्या गळ्यात पडला, म्हणून तर ही वाढ करावी लागली. आपल्याकडे १९९९ पासून स्थलपुनःस्थापनेसाठी स्टेट बँकेत पैसे ठेवण्याची योजना आहे आणि अशा रकमेवर आयकरात सूट मिळते. पण सूट ही नफा होणाऱ्याला. नफा न होता काम सोडून जाणाऱ्याचे काय? म्हणून सरकारी रानाच्या बाबतीत अनामतीची रक्कम, रस्ता मोडून टाकण्याची मुदत आणि कोणत्या क्षेत्रावर पाऊल ठेवावयाचे नाही त्याचा नकाशा, या तिन्ही गोष्टी शोध-परवान्याच्या पहिल्या कागदातच लिहिल्या जाव्यात, आणि त्या कागदावर वनाधिकाऱ्याची व ग्रामसभेची सही तेल लागण्याच्या आधीच घ्यावी.